तळ्याकाठचे बगळे आणि त्यांचे सोबती



बगळा पाहिला नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडायचा नाही. शाळकरी पोराच्या नखावर पांढरा ठिपका उमटला, की ते फूल बगळ्यानं दिलं असं ते पोर खुशाल मानतं. वरून साधू आणि आतून लबाड अशा गृहस्थाला आपण ‘बगळाभगत’ म्हणतो. पंचतंत्रातला म्हातारा बगळा माशांना फसवून खातो आणि शेवटी खेकड्याच्या नांगीत मान अडकवून घेतो, तोही आपल्या ओळखीचा. इतका जवळचा हा पक्षी. पण बगळे किती तऱ्हेचे असतात असं विचारलं, तर दहांपैकी नऊ जण म्हणतील, “किती म्हणजे? पांढरा असतो तो बगळा!”

कोल्हापूरच्या रंकाळ्यावर हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी तासभर थांबलात, तर पाच-सहा जातींचे बगळे तुम्हाला दिसू शकतील, आणि त्यातले सगळे काही पांढरे नसतील. शहराला अगदी लागून असलेल्या या तळ्यावर ही मंडळी का येतात, काय खातात, कुठे झोपतात आणि घरटी कुठे करतात, हे आज सांगायचे आहे. रंकाळा हे उदाहरण म्हणून घेतो. तुमच्या गावच्या तळ्याला, पाझर तलावाला किंवा बंधाऱ्याला यातले बहुतेक सगळे जसेच्या तसे लागू पडेल.

रंकाळ्याची कथा बहुतेकांना ठाऊक असते. तिथे पूर्वी दगडाची खाण होती आणि देवळांसाठी तिथला दगड काढला, असे परंपरा सांगते. काठावर १९३१ ते १९३४ या काळात बांधलेला शालिनी पॅलेस उभा आहे. पाण्यात संध्यामठ आहे. पाणी चढले की तो बुडतो, उतरले की वर येतो. यावर पुष्कळांनी लिहिले आहे, म्हणून त्यात शिरत नाही. आपल्याला हवी ती गोष्ट निराळी आहे. या तळ्याला दोन तऱ्हेचे काठ आहेत. शहराकडच्या बाजूला बांधीव भिंत, फिरायला चौपाटी, भेळेच्या गाड्या. पलीकडच्या अंगाला उथळ पाणी, चिखल, गवत आणि पाणवनस्पती. माणसे पहिल्या काठावर जमतात, पाखरे दुसऱ्या.

असे का, हे समजायला पक्ष्याचे पाय पाहावेत. बगळ्याला पोहता येत नाही असे नाही, पण पोहणे हा त्याचा धंदा नव्हे. तो पाण्यात उभा राहून शिकार करतो. म्हणजे त्याचे पाय जेवढे लांब, तेवढेच पाणी त्याच्या कामाचे. राखी बगळा चोचीपासून शेपटीपर्यंत तीन फुटांहून थोडा जास्त भरतो, लहान पांढरा बगळा दोन फुटांचा, आणि वंचक जेमतेम दीड फुटाचा. प्रत्येकाच्या पायाची उंची निराळी, म्हणून प्रत्येकाची पाण्यातली जागाही निराळी. उतरत्या काठाच्या तळ्यात वंचक अगदी कडेला, त्याच्या पुढे लहान बगळा, आणि त्याहून आत राखी बगळा, अशी पंगत बसते. कोणी कोणाच्या पानावर हात घालत नाही. आता त्याच ठिकाणी सरळसोट भिंत बांधली, तर भिंतीच्या पायथ्याशी पुरुषभर पाणी! तिथे उभे राहायचे कोणी? तळे सुशोभित करताना पहिला घाव बसतो तो या पंगतीवर. भिंत बांधूच नये असे माझे म्हणणे नाही. रस्ता खचतो, मुले घसरून पडतात, भिंत लागतेच. पण चारी बाजूंनी लागते का, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे.

आता एकेकाची ओळख करून घेऊ.

चोच काळी, पाय काळे, पण पायाची बोटे मात्र पिवळीधमक. जणू काळ्या पायमोज्यावर पिवळी पायताणं घातली आहेत. हा लहान बगळा. विणीच्या दिवसांत त्याच्या डोक्यामागे दोन लांब तुरे लोंबतात आणि पाठीवर जाळीदार पिसारा येतो. चोच पिवळी, मान आखूड आणि अंग जरा गुबगुबीत, तो गायबगळा. हा पाण्यापेक्षा गुरांच्या पायांत अधिक. याच्या डोक्यावर, मानेवर आणि पाठीवर विणीच्या दिवसांत केशरी झाक चढते. तो रंग पाहून पुष्कळांना हा वेगळाच पक्षी वाटतो. याशिवाय मध्यम बगळा आणि मोठा बगळा असे दोन पांढरे असतात. मोठ्या बगळ्याची मान फार लांब आणि मध्येच मोडल्यासारखी दिसते, आणि त्याच्या जिवणीची रेघ डोळ्याच्या मागपर्यंत जाते. मध्यमाची तिथवर जात नाही. लांबून हा फरक कळत नाही. त्याबद्दल कोणी वाईट वाटून घेऊ नये.

राखी बगळा नावाप्रमाणे राखी. भुवईपासून मागे गेलेला काळा पट्टा आणि काळी शेंडी ही त्याची खूण. जांभळा बगळा लाजरा. त्याला पाणगवताचा आडोसा लागतो, आणि त्याची तांबूस रेघांची बारीक मान लव्हाळ्यात अशी मिसळून जाते की तो उडेपर्यंत तिथे कोणी आहे याचा पत्ता लागत नाही.

पण या सगळ्यांत माझा आवडता तो वंचक. काही ठिकाणी याला भुरा बगळा म्हणतात, कोकणाकडे ढोकरी. गटाराच्या कडेला, विहिरीच्या थारोळ्याशी, भाताच्या खाचरात, जिथे ओंजळभर पाणी तिथे हा. बसला की मातकट, तपकिरी रेघांचा, चिखलाच्या ढेकळासारखा. तुम्ही दोन हातांवरून चालत जाल आणि तो दिसणार नाही. मग एकदम भर्रकन उडतो, आणि पाहावे तो पंख पांढरेशुभ्र! दहा पावलांवर पुन्हा बसतो, पंख मिटतो, आणि पुन्हा नाहीसा होतो. वंचक म्हणजे फसवणारा. हे नाव ज्याने ठेवले, त्याने त्याला नीट पाहिलेले होते. पावसाळ्याच्या तोंडाला याच वंचकाच्या पाठीवर गडद किरमिजी शालजोडी चढते, तेव्हा तो एखाद्या इनामदारासारखा दिसतो.

एक गोष्ट शिक्षकबंधूंनी मुलांना अवश्य सांगावी. लांब पायांचा, लांब मानेचा दिसेल त्या पक्ष्याला आपण बगळा किंवा करकोचा म्हणून मोकळे होतो. उडताना पाहिले की निवाडा होतो. बगळा उडताना मान आखडून खांद्यात घेतो, इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी. करकोचा, शराटी, क्रौंच हे मान पुढे ताणून उडतात. एवढी एक खूण पुरे.

ही मान म्हणजे निसर्गाची मोठी करामत आहे. माणसाच्या मानेत सात मणके, जिराफाच्या मानेतही सातच. बगळ्याच्या मानेत वीस-एकवीस. त्यांतला सहावा मणका लांब आणि जोडणीला वेगळा असल्यामुळे मान तिथे मुडपते आणि घडी घातल्यासारखी राहते. सावज टप्प्यात आले की ही घडी गोफणीसारखी सुटते. डोळा लवतो न लवतो तोच मासा चोचीत असतो.

इथे एक अडचण आहे, आणि ती भौतिकशास्त्राची आहे. पेल्यात पाणी घेऊन त्यात पेन्सिल तिरपी ठेवा. ती पाण्याच्या पातळीशी मोडल्यासारखी दिसते. प्रकाशाचा किरण पाण्यातून हवेत येताना वाकतो, म्हणून पाण्यातली वस्तू आहे त्यापेक्षा वर दिसते. म्हणजे बगळ्याला मासा जिथे दिसतो, तिथे तो नसतोच! दिसेल तिथे चोच मारली तर ती माशाच्या वरून जाईल. तरीही फार खोल नसलेल्या सावजावर बगळा सहसा चुकत नाही. १९९० च्या सुमारास इस्राएलमधल्या संशोधकांनी लहान बगळ्यांवर यासंबंधी प्रयोग केले, तेव्हा आढळले की झडप घालण्यापूर्वी हा पक्षी आपले डोके अशा अंतरावर आणि अशा कोनात आणतो की किरण वाकल्यामुळे पडणारा फरक भरून निघावा. आपण ज्याला बकध्यान म्हणून हिणवतो, त्या ध्यानात हे गणित चाललेले असते. शाळेत अपवर्तन शिकवताना आरशाकाचेच्या पेटीबरोबर बगळ्यालाही जरूर बोलवावे.

सगळेच बगळे ध्यान धरून बसतात असेही नाही. लहान बगळा एक पाय पुढे करून चिखल ढवळतो. त्याची पिवळी बोटे तळाशी थरथरतात, लपलेली कोळंबी आणि मासळी दचकून निघते, की वरून चोच तयार. आपल्याकडे एक हिरवा बगळा आहे, दाट झाडीच्या काठाला एकटा असतो. त्याच्या आणि त्याच्या जवळच्या जातींच्या बाबतीत जपान आणि अमेरिकेत असे पाहण्यात आले आहे, की तो किडा, पीस किंवा पावाचा तुकडा पाण्यावर टाकतो, आणि ते पाहायला मासा वर आला की त्याला उचलतो. गळ टाकून बसलेल्या माणसात आणि याच्यात मग काय फरक राहिला?

मासे खाणाऱ्याचे अंग चिकट होते. त्यावरही उपाय आहे. बगळ्याच्या छातीवर आणि पाठीच्या खालच्या भागात अशी काही पिसे असतात, की त्यांची टोके सतत झडून त्यांची भुकटी होते. ही भुकटी तो अंगाला चोळतो, तिने चिकटा शोषला जातो, आणि मग पायाच्या मधल्या बोटाच्या नखाला असलेल्या दात्यांनी तो पिसे विंचरतो. पावडर आणि फणी दोन्ही घरचीच!

गायबगळ्याबद्दल शेतकरी मंडळींना मी काय सांगावे? औताच्या मागे, आता ट्रॅक्टरच्या मागे, चालणारी ती पांढरी रांग तुम्ही रोज पाहता. हा गुरांच्या अंगावरच्या गोचड्या खातो असा समज आहे. तो थोडाच खरा. त्याचे मुख्य अन्न नाकतोडे, टोळ, किडे, बेडूक. गाय चालली की गवतातले किडे उडतात. हा तिच्या पायाशी उभा राहून ते टिपतो. एकट्याने हिंडून जेवढे मिळेल त्यापेक्षा कमी पावलांत जास्त. म्हणजे गाय हे त्याचे रान उठवणारे हाकारे. याच जातीचे आफ्रिकेतले भाऊबंद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अटलांटिक समुद्र ओलांडून दक्षिण अमेरिकेत पोहोचले, १९४० नंतर उत्तर अमेरिकेतही दिसू लागले आणि तिथे घरटी करून राहिले. कोणी त्यांना नेऊन सोडले नाही. रान तोडून गुरांची कुरणे झाली होती, आणि गाय जिथे तिथे गायबगळा.

आता तळ्यावरचे बाकीचे सोबती. पाण्याच्या मध्यावर काळी मान वर काढून पोहणारा आणि एकदम बुडी मारून पंधरा हातांवर निघणारा तो पाणकावळा. त्याची पिसे भिजतात, म्हणून बाहेर आल्यावर तो खांबावर बसून पंख पसरून वाळवतो, दांडीवर धोतर टाकावे तसा. भिजणारी पिसे हा दोष वाटेल, पण त्यामुळेच त्याला बुडी मारणे सोपे जाते. हवा धरून ठेवणारी पिसे बुचासारखी वर ढकलतात. लहानशी, बिनशेपटीची, चाहूल लागताच टुपकन बुडणारी ती टिबुकली. ती तरंगते घरटे करते, आणि उठून जाताना अंडी ओल्या पाल्याने झाकून जाते. पिले पाठीवर घेऊन पोहते. काळ्या अंगाचा आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला तो वारकरी; नाव कोणी ठेवले माहीत नसले तरी पाहताच पटते. हळदीकुंकू बदक ओळखायला तर पुस्तक नको: काळ्या चोचीच्या टोकाला हळद आणि कपाळाशी कुंकवाची दोन बोटे. जांभळी पाणकोंबडी पाणवनस्पतीत डौलात चालते आणि कोवळा कोंब पायात धरून खाते. खंड्या आहेच. कवड्या खंड्या हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि दगडासारखा पाण्यात पडतो. हिवाळ्यात यात उत्तरेकडून आलेल्या थापट्या, तलवार बदकांसारख्या पाहुण्यांची भर पडते.

यादी वाढवत नाही. आता जरा अवघड गोष्टीकडे वळतो.

तळ्यावर पक्षी पुष्कळ दिसले, म्हणजे तळे निरोगी आहे, असा निष्कर्ष आपण चटकन काढतो. वर्तमानपत्रात छायाचित्र येते, लोक खूष होतात. पण कोणता पक्षी वाढला आणि कोणता घटला, हे पाहिल्याशिवाय त्या गर्दीला अर्थ नाही. गुलाबी लांब पायांचा, काळापांढरा शेकाट्या घ्या. दिसायला फार देखणा. पण शहराचे सांडपाणी जिथे मिळते तिथे याचे थवे वाढतात, कारण घाण पाण्याच्या गाळात किड्यांच्या अळ्या बक्कळ असतात आणि त्याच त्याला हव्या असतात. शेकाट्या शंभर आणि टिबुकली एकही नाही, तर समजावे की पाणी बिघडले आहे.

हे बिघडणे कसे होते? सांडपाण्यातून आणि साबणाच्या भुकटीतून नत्र व स्फुरद तळ्यात येते. शेतात खत टाकल्यावर पीक वाढते, तसे पाण्यात शेवाळ माजते, आणि वर जलपर्णी पसरते, जिला कोल्हापूरकर केंदाळ म्हणतात. ही जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. पाणी मानवले तर दोन-एक आठवड्यांत दुपटीने वाढते. रंकाळ्याने हे केंदाळ पुष्कळ वेळा सोसले आहे. केंद्र सरकारच्या सरोवर संवर्धनाच्या योजनेतही त्याचे नाव घालावे लागले. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, पण रात्री तेच तो ओढून घेते. कुजणारा पालाही ओढतो. पहाटे पहाटे पाण्यातला प्राणवायू इतका उतरतो की मासे तोंड वर काढून धापा टाकतात. अशा पहाटे काठावर बगळ्यांची जत्रा भरते. आयता घास! पाहणाऱ्याला वाटते, वा, काय पाखरे जमली आहेत. प्रत्यक्षात ती जमलेली असतात तळ्याच्या आजारपणावर.

केंदाळ पूर्ण काढून टाकले की झाले, असेही समजू नये. त्यावर पाणकोंबड्या चालतात, वंचक त्याच्या कडेला दबा धरतो. काढायचे ते काढावेच, नाहीतर पाणकावळ्याला आणि बदकाला उघडे पाणी उरत नाही. पण केंदाळ काढताना काठचे देशी लव्हाळे आणि गवतही यंत्राने खरवडून ‘स्वच्छ’ केले, तर जांभळा बगळा परत येत नाही. आणि मूळ दुखणे नाल्यात आहे. नाला थांबला नाही, तर केंदाळ दरवर्षी काढा, दरवर्षी येणार.

सूर्य मावळतीला आला की तळ्यावर पाळी बदलते, गिरणीची बदलावी तशी. पांढरे बगळे पाच-पाच, दहा-दहांच्या ओळींनी ठरलेल्या झाडाकडे निघतात. पाणकावळे येतात. फांदीसाठी भांडणे होतात, कलकलाट होतो. त्याच वेळी त्याच झाडातून काही जाड्या मानेचे, करडे-काळे, लाल डोळ्यांचे बगळे उलट दिशेला, तळ्याकडे उडतात आणि ‘क्वॉक’ असा एकच घोगरा आवाज देतात. हे रातबगळे. दिवसभर झोपून आता कामाला चालले.

अशा झाडांवरच पुढे पावसाळ्यात वसाहत होते. बगळे, पाणकावळे, शराटी अशांची घरटी एकाच झाडावर डझनांनी होतात, त्याला मराठीत सारंगागार असा सुंदर शब्द आहे. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्या लेखनातून तो पुष्कळांच्या परिचयाचा झाला. ही झाडे रानातलीच असतात असे नाही. शहरातला पर्जन्यवृक्ष, गावातली चिंच, पाराजवळचा वड, बसथांब्यावरचा पिंपळ, काहीही चालते. माणसांच्या वर्दळीत साप, मांजर, शिकारी पक्षी यांचा उपद्रव कमी होत असावा. एकदा झाड निवडले की वर्षानुवर्षे त्याच झाडावर येतात.

जून-जुलैत काड्या जमवायला सुरुवात होते. सहसा नर काडी आणतो, मादी रचते. घरटे म्हणावे तर काड्यांची विस्कटलेली चाळण. खालून अंडी दिसावीत इतकी विरळ. अंडी तीन ते पाच, फिकट निळसर-हिरवी. नर-मादी दोघेही आळीपाळीने बसतात. पहिले अंडे घातले की लगेच उबवणी सुरू होते, म्हणून पिले एकाच दिवशी निघत नाहीत; थोरल्यात आणि धाकट्यात चार-सहा दिवसांचे अंतर पडते. अन्न मुबलक असेल तर सगळी जगतात. टंचाई असेल तर थोरले खाते आणि धाकटे उपाशी मरते. क्रूर वाटेल, पण त्यामुळे वाईट साली निदान एक-दोन तरी हाती लागतात. तीन-साडेतीन आठवडे उबवणी, त्यापुढे पाच-सहा आठवडे संगोपन. उडता येण्यापूर्वीच पिले फांद्यांवर चढू लागतात, आणि त्यातली काही खाली पडतात. खाली पडलेल्या पिलाला आईबाप खाली येऊन भरवत नाहीत. पडले ते संपले.

आता तारखा पाहा. बगळ्याची वीण जून ते सप्टेंबर-ऑक्टोबर. आणि आपण झाडांच्या फांद्या कधी तोडतो? पावसाळ्याच्या तोंडावर, वादळात फांदी पडू नये, विजेच्या तारा तुटू नयेत म्हणून. काम मे महिन्यात संपले तर बिघडत नाही. ते रेंगाळते, जून-जुलै उजाडतो, आणि कोयता नेमका भरल्या घरट्यांवर पडतो. २०२२ च्या सप्टेंबरात केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात महामार्ग रुंद करताना वसाहतीचे झाड पाडले, तेव्हा घरटी पिलांसह रस्त्यावर आदळली आणि देशभर हळहळ झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्षी मारणे तर सोडाच, त्याची अंडी वा घरटी बिघडवणेदेखील शिकारीत मोडते. पण कायदा माहीत असलेला माणूस त्या सकाळी झाडाखाली हजर असेलच असे नाही.

झाडाखाली राहणाऱ्यांची तक्रार खोटी नसते, हेही सांगायला हवे. विष्ठेचा सडा पडतो, कुजक्या मासळीचा वास येतो, आणि घाबरलेले पिलू पोटातला घास बाहेर टाकते तो नेमका एखाद्याच्या सदऱ्यावर. दोन-तीन महिने हा त्रास आहे. उपाय साधे आहेत: झाडाखालचा बाक आणि गाड्यांचा तळ तेवढ्यापुरता हलवावा, हातगाडीवर छप्पर घालावे, फांद्या दिवाळीनंतर छाटाव्यात. दिवाळीनंतरची छाटणी झाडालाही सोसते आणि पाखरालाही.

या विष्ठेला लोकांनी सोने मानल्याचेही उदाहरण आहे. तमिळनाडूत वेदांतंगल नावाचे गाव आहे. तिथल्या तळ्यातल्या झाडांवर हजारो बगळे, करकोचे, पाणकावळे घरटी करतात. विष्ठा पाण्यात पडते, ते पाणी भातशेतीला जाते, आणि खताचे काम होते. गोऱ्या शिपायांनी तिथे पाखरे मारायला सुरुवात केली तेव्हा गावकऱ्यांनी कलेक्टराकडे दाद मागितली आणि १७९८ साली संरक्षणाचा कौल मिळवला. पक्षीशास्त्र शिकलेले नव्हते ते लोक. भाताचा उतारा त्यांना कळत होता. कर्नाटकातल्या कोक्करे बेळ्ळूरमध्ये तर करकोचे आणि झोळीवाले पक्षी गावातल्या घरांलगतच्या झाडांवर घरटी करतात. आपल्याकडे इंदापूर तालुक्यातल्या भादलवाडीच्या तलावात बाभळींवर चित्रबलाकांची वसाहत आहे.

विणीच्या काळातला तोच तुरा आणि पाठीवरची जाळीदार पिसे एकदा बगळ्याच्या मुळावर आली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतल्या बायकांच्या टोप्यांवर ही पिसे लावण्याची फॅशन आली आणि त्यांना सोन्यासारखा भाव आला. पिसे विणीतच येतात, म्हणून बगळे घरट्यावरच मारले जात. मागे पिले उपाशी मरत. हिंदुस्थानातूनही पिसे जात होती. पुढे १९०२ साली इथल्या सरकारने पक्ष्यांच्या कातड्यांची आणि पिसांची निर्यात बंद केली. इंग्लंडमध्ये या फॅशनविरुद्ध पहिली संघटना १८८९ साली उभी केली ती बायकांनीच, आणि १९२१ साली तिथे पिसांची आयात कायद्याने थांबली. त्यानंतर बगळ्यांची संख्या हळूहळू सावरली.

शिक्षकबंधूंसाठी एक काम सुचवतो. त्याला पैसा लागत नाही. तुमच्या गावात बगळ्यांचे झोपण्याचे झाड कोणते, हे मुलांना शोधू द्या. मुलांना ते बहुधा आधीच माहीत असते. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सूर्यास्ताआधी अर्धा तास झाडापासून पन्नास पावलांवर उभे राहावे. दोन मुलांनी येणारे पांढरे मोजावेत, दोघांनी काळे, एकाने वहीत लिहावे. अंधार पडेपर्यंत मोजणी चालवावी. निघून जाणारे रातबगळे वेगळे लिहावेत. झाडाखाली जाऊ नये, टाळ्या वाजवू नयेत. जूनपासून दर आठवड्याला दुर्बिणीशिवाय दिसतील तेवढी घरटी मोजावीत आणि पहिली काडी कोणत्या तारखेला आली, पहिले पिलू फांदीवर केव्हा दिसले, हे टिपून ठेवावे. दोन वर्षांची अशी वही तयार झाली, की तिची एक नक्कल ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत, फांद्या तोडण्याचा हुकूम जिथून निघतो त्या टेबलावर, एप्रिल महिन्यात नेऊन द्यावी. मे उजाडायच्या आत दिली, तर तिचा उपयोग होतो.